मक्याच्या पेशींतील पाठराखिणी

पावसाळी संध्याकाळीं निखाऱ्यावर भाजलेलें मक्याचें कणीस हातीं आलें, कीं त्यावर लिंबू पिळण्यापूर्वीं डोळे सहज दाण्यांच्या ओळींवरून फिरतात. एखादें कणीस शेंड्यापर्यंत भरलेलें असतें. एखाद्यांतले दाणे मात्र विरळ, मध्यें मध्यें रिकाम्या जागा, आणि शेंड्याकडचा भाग तर अगदींच बोडका. असें कणीस घरांत आलें, म्हणजे विकणाऱ्याच्या नांवानें दोन शब्द बोलले जातात, नाहीं तर कीड लागली असावी असा तर्क होतो. परंतु कित्येकदां यांत विकणाऱ्याचा दोष नसतो व किडीचाही नसतो. त्या झाडाला तुरा आला, त्या आठ-दहा दिवसांत ऊन किती तापलें आणि जमिनींत ओल किती राहिली, याचा तो जमाखर्च असतो. मक्याच्या प्रत्येक दाण्यामागें एक परागकण आणि कणसाचा एक केस असतो. जेथें या दोहोंचा मेळ बसला नाहीं, तेथें दाणा नाहीं.

ऊन तापलें म्हणजे माणूस सावलींत जातो, म्हैस डबक्यांत बसते, पक्षी दुपारभर पानांआड गप्प राहतो. वनस्पतीला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. जेथें बीं रुजलें, तेथेंच तिला उभें राहावें लागतें. पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ सोडून ती आपलें अंग थोडेंफार थंड ठेवते. परंतु जमिनींतील पाणी आटलें, कीं हीं छिद्रें मिटतात आणि पान तापूं लागतें. त्यानंतर जो बचाव करावयाचा, तो पेशीच्या आंतच करावा लागतो. त्या बचावाची सर्व योजना बियांबरोबर आलेल्या जनुकांत लिहिलेली असते. ती योजना कशी चालते, तिला किती किंमत पडते आणि ती नेमकी कोठें अपुरी पडते, हें गेल्या साठ वर्षांत हळूहळू उलगडत आलें आहे.

हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाहीं. वजनानें पाहिल्यास आज जगांत सर्व तृणधान्यांत मक्याचें उत्पादन सर्वांत अधिक आहे. मेक्सिकोंत व आफ्रिकेच्या मोठ्या भागांत मका हें रोजचें अन्न आहे. भारतांत त्याचा मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्याकडे जातो. तेव्हां ज्या घरांत मक्याची भाकरी कधींच होत नाहीं, त्या घरांतही अंड्याच्या रूपानें मका येतच असतो. असें हें पीक उष्णतेपुढें मोठें नाजूक आहे. अमेरिकेंतील अनेक वर्षांच्या उत्पन्नाचे आंकडे तपासून श्लेंकर व रॉबर्ट्स या दोघां अभ्यासकांनीं २००९ सालीं असें दाखविलें, कीं २९ अंश सेंटिग्रेडपर्यंत ऊब वाढली तर मक्याचें उत्पन्न वाढतें. त्यापुढें मात्र तें झपाट्यानें घसरूं लागतें. २०११ सालीं लोबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आफ्रिकेंतील वीस हजारांहून अधिक पीकचाचण्यांचा हिशेब मांडला. एखाद्या दिवसाचें तपमान ३० अंशांच्या वर एका अंशानें गेलें, तर त्या एका दिवसापायीं अंतिम उत्पन्नांत शेंकडा १ इतकी घट येते, आणि पाण्याची ओढ असेल तर ती घट शेंकडा १.७ होते, असें त्यांना आढळलें. एका अंशाची व एका दिवसाची ही गोष्ट आहे. असे वीस-पंचवीस दिवस एका हंगामांत आले, तर काय होईल, याची कल्पना कोणालाही करतां येईल.

उष्णतेनें पेशीचें नेमकें काय बिघडतें? पेशींतील बहुतेक सर्व कामें प्रथिनें करतात. प्रथिन म्हणजे एक लांबलचक सांखळी. परंतु ती ठराविक रीतीनें घडी घालून बसली, तरच कामास येते. किल्लीचे दांते वांकडे झाले तर कुलूप उघडत नाहीं, तसेंच हें आहे. उष्णता वाढली, कीं घड्या सुटूं लागतात, आणि सुटलेल्या सांखळ्या एकमेकींत गुंतून त्यांचे गोळे होतात. अंडें उकळलें म्हणजे त्यांतला पारदर्शक बलक पांढरा व घट्ट होतो, तो याच कारणानें. मक्याचें पान उकळत नाहीं हें खरें. परंतु त्याच्या पेशींत हीच आपत्ति लहान प्रमाणांत सुरू होते.

सजीवांनीं या आपत्तीवर एक तोड काढून ठेवली आहे, आणि तिचा शोध एका अपघातानें लागला. इटलींत फेरुच्चो रितोस्सा हे संशोधक फळांवरच्या चिमुकल्या माशीच्या गुणसूत्रांचा अभ्यास करीत होते. प्रयोगशाळेंतील कोणीतरी उबवणपेटीचें तपमान चुकून वाढवून ठेवलें. नंतर सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां गुणसूत्रांवर नेहमी न दिसणारे फुगवटे दिसूं लागले. म्हणजे एरवीं निजलेलीं कांहीं जनुकें त्या उष्णतेनें एकदम जागीं झालीं होतीं. रितोस्सा यांनीं हें निरीक्षण १९६२ सालीं प्रसिद्ध केलें. बारा वर्षांनीं, १९७४ सालीं, तिसिएर, मिचेल व ट्रेसी या संशोधकांनीं तीं जागीं झालेलीं जनुकें कोणतीं नवीं प्रथिनें घडवितात, तें दाखविलें. या प्रथिनांना उष्माघात-प्रथिनें असें नांव पडलें. पुढें जीवाणूपासून मनुष्यापर्यंत आणि शेवाळापासून मक्यापर्यंत जवळजवळ सर्वत्र तीं सांपडलीं.

या प्रथिनांचें काम पाहून पाश्चात्य शास्त्रज्ञांनीं त्यांना तरुण मुलीबरोबर समारंभास जाणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रीचें नांव दिलें. मराठींत त्याला ‘पाठराखीण’ हा सुंदर शब्द तयारच आहे. नवी सून प्रथम सासरीं जाई, तेव्हां ती बावरूं नये, भलत्याच ठिकाणीं अडकूं नये, म्हणून माहेरचें एखादें माणूस तिच्या सोबतीस पाठवीत. पेशींतील पाठराखिणी हेंच करतात. घडी सुटलेल्या प्रथिनाला त्या धरून ठेवतात, दुसऱ्यांत गुंतूं देत नाहींत, आणि शक्य असल्यास त्याची घडी पुन्हां बसवून देतात. वजनानुसार त्यांचीं कुळें आहेत. लहान कुळांतल्या नुसत्या सांभाळून धरतात. ७० व ९० क्रमांकांच्या कुळांतल्या घडी बसवितात. आणि १०१ क्रमांकाची एक बलदंड पाठराखीण तर आधींच गोळा झालेल्या प्रथिनांतून एकेक सांखळी सोडवून बाहेर ओढते.

परंतु उष्णता वाढली ही वर्दी जनुकांपर्यंत पोंचते कशी? येथील युक्ति पाहण्यासारखी आहे. पेशींत कांहीं निरोप्या प्रथिनें असतात. जनुकाच्या आरंभाजवळ ठराविक अक्षरांची एक खूण असते. तिच्यावर जाऊन बसणें व त्या जनुकाला कामास लावणें, हा त्यांचा धर्म. मक्यांत अशा निरोप्यांचीं सुमारें पंचवीस जनुकें मोजलीं गेलीं आहेत. एरवीं पाठराखिणीच या निरोप्यांना धरून बसलेल्या असतात, त्यामुळें त्यांना हालतां येत नाहीं. तपमान वाढून प्रथिनें बिघडूं लागलीं, कीं पाठराखिणी निरोप्यांना सोडून बिघडलेल्यांच्या मदतीस धांवतात. मोकळे झालेले निरोप्ये तिघे तिघे एकत्र येऊन पेशीच्या केंद्रांत शिरतात आणि नव्या पाठराखिणी घडविण्याचा हुकूम देतात. त्या पुरेशा झाल्या, म्हणजे त्याच पुन्हां निरोप्यांना धरून बसवितात व हुकूम थांबतो. घरांतलीं कामाचीं माणसें रिकामीं आहेत कीं गुंतलेलीं आहेत, एवढ्यावरून संकटाची खोली ओळखावी, असा हा प्रकार आहे.

मक्यांत याला आणखी एक जोड असल्याचें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. अमेरिकेंतील आयोवा राज्याच्या विद्यापीठांत स्टीफन हॉवेल यांच्याबरोबर काम करणाऱ्या संशोधकांनीं तें केलें. पेशीच्या आंत पडद्यापडद्यांचा एक कारखाना असतो. तेथें बाहेर धाडावयाचीं व पेशीच्या आवरणांत बसवावयाचीं प्रथिनें तयार होतात. त्या कारखान्यांत बिघाड झाला, तर तेथून एक वेगळाच निरोप्या सुटतो. त्याचें नांव बीझिप-६०. त्याचा संबंध केवळ कारखान्याशीं असावा, असाच समज होता. परंतु ज्या मक्यांत हें जनुक जवळजवळ बंद पडलें होतें, त्या मक्याला उष्णता लागली, तेव्हां उष्माघात-प्रथिनांचा एक सबंध गटच नेहमीप्रमाणें वाढला नाहीं. बीझिप-६० हा आपल्या परीनें उष्णतेच्या दुसऱ्या एका निरोप्याला जागें करतो आणि तो निरोप्या पाठराखिणींना बोलावितो, अशी ही सांखळी निघाली. म्हणजे एका दालनांतली आग पाहून दुसऱ्या दालनांतली घंटा वाजविण्याची सोय मक्यानें करून ठेवली आहे.

आतां या योजनेच्या मर्यादा पाहूं लागलें, कीं पहिली मर्यादा वेळेची लागते. हुकूम सुटून प्रथिनें तयार होण्यास अवधि हवा. २००२ सालीं क्राफ्ट्स-ब्रँडनर व साल्व्हुची यांनीं मक्याचीं पानें तापवून पाहिलीं. पानाचें तपमान ३८ अंशांच्या वर गेलें, कीं सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करण्याचें काम मंदावूं लागे. परंतु तपमान हळूहळू वाढविलें, तर हें नुकसान एकदम तापविल्यापेक्षां पुष्कळ कमी होई. वैशाखापूर्वीं चैत्र यावा लागतो, हें शेतकऱ्याच्या अनुभवाचें ज्ञान पेशीच्या पातळीवरही खरें ठरलें. सौम्य उष्णतेची चाहूल मिळालेलें रोप पुढील तीव्र उष्णता सोसतें. चाहुलीवांचून आलेली तीच उष्णता त्याचा घात करते.

दुसरी मर्यादा खर्चाची. १०१ क्रमांकाच्या पाठराखिणीचें जनुक मोडलेला मका मेक्सिकोंतील नीतो-सोतेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अभ्यासला. अपेक्षेप्रमाणें त्याची उष्णता सोसण्याची शक्ति खालावली. त्याबरोबरच एक अनपेक्षित गोष्टही दिसली: त्याचें पहिलें मूळ साध्या मक्याच्या मुळापेक्षां अधिक वेगानें वाढत होतें. २००२ सालच्या या निरीक्षणाचा अर्थ स्पष्ट आहे. संरक्षण फुकट मिळत नाहीं. पहारा वाढवावा तर वाढीवर कांहींतरी भार पडतो. म्हणूनच सर्व पाठराखिणी अहोरात्र जागत्या ठेवणारा मका तयार केला, म्हणजे प्रश्न सुटला, इतकें हें सोपें नाहीं.

परंतु सर्वांत मोठी उणीव आहे ती परागकणांत. मक्याचा तुरा झाडाच्या शेंड्यावर, भर उन्हांत असतो. त्यांतून लाखों परागकण वाऱ्यावर सुटतात. कणसांतून बाहेर आलेल्या केसांवर ते पडतात, तेथें रुजतात आणि केसाच्या आंतून खालच्या बीजांडापर्यंत वाट काढतात. परागकणाचें आयुष्य मुळांतच तासांत मोजावयाचें. तप्त व कोरड्या हवेंत तर तें फारच तोकडें होतें. हेरेरो व जॉन्सन यांनीं १९८० सालीं दाखविलें, कीं ३८ अंशांच्या तपमानांत मक्याच्या परागकणांची सजीवता खालावते. मग १९९० सालीं फ्रान्समधील द्युपुई व द्युमा यांनीं याचें मर्म गांठलें. त्यांनीं कणसाचा भाग व पराग हे दोन्ही निरनिराळे तापविले. कणसाच्या भागानें उष्माघात-प्रथिनें तयार केलीं व ४० अंशांची उष्णताही सोसली. परंतु पक्व परागकणानें तीं प्रथिनें तयार केलीं नाहींत, व त्याची फलनशक्ति गेली. सबंध झाडाला पाठराखिणी, आणि ज्याच्यावर पुढची पिढी अवलंबून, तो मात्र एकटा, अशी ही स्थिति आहे.

परागकण पक्व होण्याच्या आधींचाही काळ असाच नाजूक असतो. जर्मनींतील रेगेन्सबुर्ग येथें ड्रेसलहाउस यांच्या गटानें २०१९ सालीं केलेल्या प्रयोगांत, पराग घडण्याच्या एका अगदीं आरंभीच्या टप्प्यावर मक्याला केवळ ४८ तास दिवसा ३५ व रात्रीं २५ अंश तपमानांत ठेवलें होतें. नंतर तीं झाडें पुन्हां नेहमीच्या हवेंत आणलीं. तरीही पुढें तयार झालेला पराग वांझ निघाला. त्यांतला पिष्टाचा सांठाही कमी भरला. ज्या उन्हाचा झाडाच्या पानांवर डागही दिसूं नये, असें दोन दिवसांचें ऊन पुढें कणसाच्या रिकाम्या ओळींत दिसतें तें असें.

येथें मक्याच्या गुणसूत्रांच्या इतिहासांतलें एक नांव घेतलेंच पाहिजे. बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक या विदुषींनीं मक्याच्या दाण्यांवरील रंगीत ठिपक्यांचा माग काढतां काढतां, गुणसूत्रांतील कांहीं तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात, हें गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत ओळखलें. पुष्कळांना तें पटण्यास फार वर्षें लागलीं. १९८३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां त्यांचें वय ८१ होतें. त्या वेळच्या व्याख्यानांत त्यांनीं संकटाला पेशी कशी तोंड देते हाच विषय घेतला, आणि ज्या संकटाची तयारी पेशीजवळ आधींपासून असते, त्याचें उदाहरण म्हणून उष्माघाताचा उल्लेख केला. २००९ सालीं मक्याची सबंध जनुकसंहिता वाचून झाली. तींत सुमारें २३० कोटी अक्षरें निघालीं; जनुकें सुमारें ३२,००० मोजलीं गेलीं; आणि संहितेचा शेंकडा ८५ च्या आसपास भाग या फिरत्या तुकड्यांचाच आहे, असें आढळलें. २०१५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथील संशोधकांशीं संबंधित एका गटानें दाखविलें, कीं अशा तुकड्यांचीं कांहीं कुळें ज्या जनुकांजवळ जाऊन बसलीं आहेत, तीं जनुकें उष्णता, थंडी, क्षार यांसारख्या संकटांत जागीं होण्याकडे कलतात. ज्याला एकेकाळीं निरुपयोगी अडगळ म्हटलें जाई, त्याच अडगळींतून मक्याच्या एका जातीला उन्हाची चाहूल देणारी घंटा मिळाली असेल, व दुसऱ्या जातीला ती मिळालीही नसेल.

जाती-जातींतला हा फरक हाच माणसाच्या हातांतला खरा आधार आहे. २०१२ सालीं अमेरिकेंत उष्णता व अवर्षण एकदम आलें. २००९ सालीं तेथें मका एकरीं सरासरी ४१-४२ क्विंटल पिकला होता, तो त्या वर्षीं ३१ क्विंटलांवर आला. उत्तम जमीन, उत्तम बियाणें, यंत्रें, खतें, सर्व कांहीं असतांना ही घट आली. त्याच सुमारास मेक्सिकोंत मुख्य ठाणें असलेल्या आंतरराष्ट्रीय मका व गहूं संशोधन केंद्रानें भारत, नेपाळ, बांगलादेश व पाकिस्तान या देशांसाठीं उष्णता सोसणाऱ्या मक्याची योजना हातीं घेतली. तिचें काम हैदराबादेहून चाले व रायचूरचें कृषिविद्यापीठ तींत सहभागी होतें. तेथील पद्धत साधी पण कठोर आहे. मका मुद्दाम उशिरां, उन्हाळ्याच्या तोंडावर पेरावयाचा, म्हणजे तुरा व केस नेमके कडक उन्हांत बाहेर येतात. आणि त्यांतूनही ज्या झाडांचीं कणसें भरतात, त्यांचें बीं पुढें न्यावयाचें. कोणत्या जनुकांनीं तें झाड तारलें, याचा शोध मागाहून त्यांच्या संहितेंत घेतां येतो.

परंतु निवड करावयाची तर निवडण्यासारखें कांहीं शिल्लक असावें लागतें. सुमारें ९,००० वर्षांपूर्वीं दक्षिण मेक्सिकोंतील बाल्सास नदीच्या खोऱ्यांत तिओसिंते या रानगवतापासून मका माणसाळला. तेव्हांपासून डोंगरांतल्या, समुद्रकांठच्या, ओल्या व रुक्ष प्रदेशांतल्या असंख्य शेतकऱ्यांनीं आपआपल्या हवेला मानवेल तेंच बीं घरांत राखून ठेवलें. त्या राखणींतून जो ठेवा जमला, त्याचे २८,००० च्या आसपास नमुने आज उपरोक्त केंद्राच्या बीजभांडारांत थंड कोठडींत जपले आहेत. त्यांतील कोणत्या मूठभर बियांत एकटा परागकण अधिक काळ जगविणारें जनुक असेल, हें बाहेरून पाहून सांगतां येत नाहीं. त्यासाठीं तें बीं पेरावें लागतें, उन्हांत उभें करावें लागतें, आणि त्याचें कणीस मोजावें लागतें.

तेव्हां पुढील पावसाळ्यांत एखादें विरळ दाण्यांचें कणीस हातीं आलें, तर तें टाकून देण्यापूर्वीं क्षणभर न्याहाळून पाहण्यासारखें आहे. त्यावरील भरलेला प्रत्येक दाणा म्हणजे उन्हांतून वेळेवर पोंचलेला एक परागकण. आणि रिकामी प्रत्येक जागा म्हणजे वाटेंतच थांबलेला दुसरा. झाडाच्या पानापानांत पाठराखिणी आपलें काम चोख करीत होत्या. ज्या प्रवासाला त्यांची सोबत निसर्गानें दिली नाहीं, त्या प्रवासाला ती कोणत्या बियांतून मिळवितां येईल, हाच आजच्या संशोधकांपुढचा प्रश्न आहे; आणि त्याचें उत्तर जुन्या बियाण्याच्या एखाद्या मळकट पिशवींतही असूं शकेल.